आडवी पडलेली माणसं

जिपार माझ्या घरात पहिल्यांदा आली ती खिडकीतून. दार सताड उघडं होतं, मी दारातच उभी होते, 'ये ग, ये' म्हणत होते. तरी ही पोर भिंतीला हात लावत मागच्या अंगाला गेली, खिडकी ढकलली आणि स्वयंपाकघरातल्या पिठाच्या पोत्यावर उतरली. पायात एकच बूट होता. मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. फिरलं नव्हतं, फिरवलं होतं, हे मला नंतर कळलं.

आज ती चाळिशीला आली. नारिन शहराच्या बाजारात तिने केलेले नमदे, म्हणजे लोकर तुडवून केलेले जाड गालिचे, लोक बोटाने चाचपून, मान डोलावून घेतात. जुनी का होईना, स्वतःची गाडी आहे आणि ती स्वतः चालवते. बायका मला विचारतात, "बुबूश एजे, एवढं सगळं सोसून ही सावरली कशी हो?" एजे म्हणजे थोरली बहीण. अख्खा बाजार मला एजे म्हणतो, त्यातल्या निम्म्या माझ्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत. मी सांगते, ती रागावर सावरली. काही माणसं प्रेमावर जगतात, काही नमाजावर. जिपार रागावर जगली, आणि माझं म्हणणं असं की त्यात काही वाईट नाही. ज्यांना हे ऐकवत नसेल त्यांनी उठून जावं.

एकोणिसाव्या वर्षी ती नारिनला नर्सचं शिकत होती. शनिवारी गावी जायला रस्त्यावर उभी असताना एक पांढरी लाडा गाडी येऊन थांबली. आत चार पोरं, त्यातला एक कुबात. त्याने तिला एका लग्नात पाहिलं होतं, बोललाही नव्हता. त्या दोघांच्या ओळखीचा एवढाच पसारा. पोरांनी तिला मागच्या सीटवर कोंबलं आणि हॉर्न वाजवत, हसत खिदळत कुबातच्या घरी नेलं. कोपऱ्यात नवरीचा पडदा आधीच लावलेला होता. पडद्यामागे घरातल्या बायका पांढरा रुमाल घेऊन बसलेल्या होत्या. रुमाल डोक्यावर बसला की पोरगी त्या घरची झाली.

हिने तो बसू दिला नाही. बायका घालायच्या, ही फेकायची. कुबातची चुलती सैरा, आडव्या हाडाची बाई, तिने हात धरून ठेवले होते. "आम्हीसुद्धा अशाच आलो ग, रडलो, आणि मग राहिलो," असं त्या बायका तिला समजावत होत्या. जसं काही खड्ड्यात पडलेल्या माणसाने वरच्याला बोलवावं, की ये, आत छान आहे. उजाडलं तेव्हा बायकाच दमल्या. सैराचा हात सुटला आणि जिपार दाराकडे धावली.

तेव्हा कुबातची आई, अनिपा, उठली. शांतपणे दारापाशी गेली आणि उंबऱ्यावर आडवी झाली. "जा," ती म्हणाली. "माझ्या पांढऱ्या केसांवरून पाय टाकून जा."

म्हाताऱ्या माणसाला ओलांडून जाणाऱ्या मुलीचं जन्मभर वाटोळं होतं, तिची कूस उजवत नाही, हे आमच्या आयांनी आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं. दार उघडं होतं. पलीकडे अंगण, अंगणापलीकडे रस्ता. जिपारने पाय उचललासुद्धा होता. तो तिने खाली ठेवला.

एवढंच झालं. नंतरच्या तीन वर्षांत त्या घरात जे जे झालं ते वाईटच होतं, पण तिला रात्री घाम फुटायचा तो या एका गोष्टीने. "एजे, मी पाय खाली का ठेवला?" असं ती मला कितीदा विचारायची.

तिच्या बापाकडे कुबातची माणसं राग शांत करायला मेंढी घेऊन गेली. बापाने मेंढी कापली आणि राग गिळला. आईने निरोप पाठवला, दगड जिथे पडतो तिथेच जड होतो, पोरी. ही म्हण ज्याने काढली त्याच्या डोक्यात तोच दगड पडायला हवा होता.

कुबात प्यायचा आणि मारायचा. दुसऱ्या हिवाळ्यात तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात त्याने लाथ मारली आणि सगळं संपलं. अनिपा खोलीतच होती, चहा ओतत होती. शेजारणी विचारायला आल्या तेव्हा ती म्हणाली, "अंगणात बर्फावर घसरली. आजकालच्या पोरींना चालता कुठे येतं." जिपार अंथरुणातून ऐकत होती.

त्यानंतर तिचा पाय उंबऱ्यावर अडकायला लागला. कुठल्याही. गोठ्याच्या, दुकानाच्या, शेजारच्या. पाय उचलायचा आणि हवेतच थांबायचा, अंग थरथरायला लागायचं. सासरची माणसं हसायची, मग ओढून आत घ्यायची. म्हणून एका दुपारी म्हातारी कुठे जेवायला गेलेली आणि कुबात घोरत पडलेला असताना ती पळाली, ती खिडकीतून. मी त्यांच्या गावात लोकर विकत घ्यायला जायचे. एकदा तिच्या गालावरचा डाग पाहून मी सांगून ठेवलं होतं, नारिनच्या अलीकडे निळं फाटक, कधीही ये. मी विसरले होते, तिने पक्कं लक्षात ठेवलं होतं.

तर अशी ती पिठाच्या पोत्यावर उतरली.

पहिले कित्येक दिवस ती खिडकीतूनच ये-जा करायची. मी आधी रागावले, मग शेजारचे हसायला लागले तेव्हा त्यांच्यावर रागावले. शेवटी एक दिवस करवत घेतली आणि माझ्या दाराचा उंबरा कापून काढला. नवऱ्याच्या हातचा होता, अक्रोडाचा. नवरा बिचारा आधीच गेलेला, नाहीतर त्याने मला कापलं असतं. जिपार उभी राहून बघत होती. उंबरा निघाला, जमीन सपाट झाली, आणि ती दारातून आत आली. त्या हिवाळ्यात दाराखालून असा वारा यायचा की चहाच्या वाटीवर साय गोठायची. मी दोन दोन मोजे घालून बसायचे आणि कुबातच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्याने जरा ऊब यायची.

कामाला मी तिला लोकर झोडायला बसवलं. कातड्यावर लोकर पसरायची आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन धुळीसकट झोडायची. बाकीच्या बायका गाणी म्हणत झोडतात. ही गप्प बसून अशी झोडायची की लोकर छताला लागायची. मी म्हटलं, "बाई, मेंढी आधीच मेलेली आहे."

"मेंढीला कोण मारतंय," ती म्हणाली. माझ्या घरात तिने केलेला हा पहिला विनोद.

"मग तोंडावर मार. पोटावर मारून काय होतं, तिथे चरबी असते."

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक ढिगाला नाव द्यायचो. हा कुबात, ही सैरा, हा लाडा चालवणारा. अनिपाचा ढीग ती नेहमी शेवटी ठेवायची आणि सगळ्यात बारीक तोच निघायचा. मग बोरूच्या चटईवर पसरून, उकळतं पाणी ओतून, गुंडाळून आम्ही ते सगळे पायांखाली तुडवायचो. आमचे नमदे घट्ट असतात असं लोक म्हणतात. उगाच नाही.

कुबात एकदा तिला न्यायला आला होता, दोन मित्र घेऊन. मी फाटकात उकळत्या पाण्याची किटली घेऊन उभी राहिले. "या," मी म्हटलं, "तुम्हालाही तुडवून ठेवते, बाजारात खपाल." मित्र आधी पळाले. मित्र असेच असतात.

बरं होणं म्हणजे ताप उतरणं नव्हे, की सकाळी कपाळाला हात लावला आणि झालं. हॉर्न ऐकला की ती अजून भिंतीला चिकटायची. पाठीमागे कुणी उभं राहिलेलं तिला चालत नसे. नारिनच्या दवाखान्यात मनाच्या आजारांची एक डॉक्टरीण होती, तिच्याकडे मी तिला बळेच नेलं. डॉक्टरीण शहाणी निघाली. तिने दोन वर्षं तिचं ऐकलं, झोपेची गोळी दिली, मग हळूहळू काढून घेतली. एकदा जिपारने तिला विचारलं, "लोक म्हणतात माफ कर म्हणजे हलकी होशील. करू का?" डॉक्टरीण म्हणाली, "ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या औषधांत ते नाही." त्यानंतर माझं त्या बाईविषयी मत फार चांगलं झालं. गाडी शिकायचीही तिनेच सुचवलं. ज्या गोष्टीत कोंबलं गेलं ती स्वतःच्या हातात घ्या, म्हणाली. पहिल्या दिवशी जिपारने माझं फाटक पाडलं. मी म्हटलं, असू दे, निळा रंग तसाही उडाला होता.

अशी वर्षं गेली. बाहेरचे उंबरे ती आता ओलांडायची, पण आधी क्षणभर थांबून, चौकटीला हात लावून. घरचा मी परत बसवला नाही.

मागच्या शरदात कुबात पुन्हा आला. या वेळी एकटा, डोक्यावर नवी पांढरी टोपी, पोट सुटलेलं. फाटकाबाहेरच उभा राहिला. किटली त्याच्या लक्षात असावी.

"एजे, आई जायच्या वाटेवर आहे," तो मला म्हणाला. जिपार अंगणात नमदा शिवत होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. "जीव जात नाही तिचा. घास नाही, पाणी नाही, तरी जात नाही. मुल्ला म्हणतात, कुणाचं तरी मन अडकलंय. सगळ्यांनी येऊन राजी आहे म्हणून सांगितलं. एकटी ही राहिली."

मरणाऱ्याने म्हणायचं, माझ्यावर राजी हो. समोरच्याने म्हणायचं, राजी आहे. आमच्याकडे याला नाही म्हणत नाहीत. भाऊबंदकीत डोकी फुटलेली माणसंसुद्धा येऊन दोन शब्द बोलून जातात. नाही म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

"म्हातारी अडकलीय म्हणतोस," मी म्हटलं. "अडकू दे. आमची पोरगी तीन वर्षं अडकली होती, तेव्हा मुल्ला कुठे होते?"

"एजे, मरणाच्या दारातल्या माणसावर..."

"दाराचं नाव काढू नकोस माझ्यापुढे."

जिपारने दोरा दाताने तोडला. "जा तू," ती त्याला म्हणाली. "मी माझ्या गाडीने येते."

तो गेल्यावर मी तिला हवं ते बोलले. जाऊ नकोस, म्हातारी तडफडू दे, तुला काय. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. एवढ्या वर्षांची मेहनत होती. ते घर, तो उंबरा, त्याच बायका. तिथे तिचा पाय पुन्हा हवेत थांबला असता तर परत आली असती ती खिडकीतून येणारी जिपार, आणि तिला दुसऱ्यांदा सावरायला मी जन्माला पुरले नसते. ती फक्त म्हणाली, "एजे, मोजे घाल. गाडीचा हीटर बिघडलाय."

कुबातच्या घरी अंगणभर माणसं होती. दाराशी आल्यावर जिपारचा पाय उचलला गेला आणि थांबला. तोच उंबरा, मधोमध झिजलेला. तिचा हात चौकट शोधत होता, मी माझा दंड पुढे केला. तिने तो इतका आवळला की काळानिळा डाग पुढे आठवडाभर होता. मग ती आत गेली. सैराने ताटातली भाकरी पुढे केली, "आधी तुकडा तरी तोंडाला लाव." जिपारने भाकरीकडे पाहिलंही नाही. आल्या घरची भाकरी न चाखणं म्हणजे त्या घराशी नातं नाही असं सांगणं, हे तिथल्या सगळ्यांना कळलं.

अनिपा भिंतीकडे गाद्यांवर पडली होती. एवढीशी झाली होती, पण डोळे तेच. भोवती बायका, दुसऱ्या बाजूला मुल्ला आणि चार म्हातारे. कुबात आईच्या उशाशी.

"आलीस," अनिपा म्हणाली. "माझ्यावर राजी हो, सूनबाई."

"मी तुमची सून नाही, आपा," जिपार म्हणाली. "एक विचारते. त्या हिवाळ्यात माझं मूल कशाने गेलं, ते या सगळ्यांसमोर सांगा. तेवढं सांगा, मग मी राजी आहे म्हणते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्या स्वस्तात ती सोडायला तयार होती. मी असते तर म्हातारीकडून आधी नाव-गाव-पत्त्यासकट वदवून घेतलं असतं, आणि मग नाही म्हटलं असतं.

अनिपाने मुलाकडे पाहिलं. कुबातने मान खाली घातली. म्हातारीने ओठ ओले केले.

"बर्फावर घसरलीस ग तू," ती म्हणाली.

सुंभ जळत आला तरी पीळ काही सुटेना. मरतानासुद्धा तिने मुलालाच पदराखाली घेतलं. कुणाकुणाच्या पोटी कसला कुलदीपक येतो आणि आया त्याच्यासाठी स्वर्गसुद्धा वाऱ्यावर सोडतात.

"मग मी राजी नाही," जिपार म्हणाली. "घेऊन जा सोबत."

बायकांत कुजबुज उठली. मुल्ला म्हणाले, "पोरी, अल्लाला भिऊन बोल." जिपार उठली आणि दाराकडे निघाली. तिच्या आधी सैरा दाराशी पोचली. गुडघे कडकडले तिचे, कमरेला हात लावून ती हळूहळू खाली बसायला लागली. "मी बघतेच कशी जातेस," ती म्हणाली. "हो म्हण, नाहीतर या म्हातारीला ओलांडून जा."

मला वाटलं, संपलं. तेच दार, तेच शब्द. या लोकांना दुसरी युक्तीच येत नाही, कारण पहिली दर वेळी चालली होती. जिपार थांबली. मी तिच्या पायाकडे बघत होते.

आणि जिपार हसली. मोठ्याने नाही, लोकर झोडताना हसायची तशी.

"उठा, सैरा आपा, गुडघे दुखतील," ती म्हणाली. "दर वेळी बायकांनाच काय आडवं पाडता?" मग ती वळली. "कुबात, तू पड की."

कुबातने मान वर केली.

"तुझी आई तुझ्यासाठी या उंबऱ्यावर पडली होती. आज तिचा जीव अडकलाय म्हणतोस. तू तिच्यासाठी पडणार नाहीस?"

आता सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मुल्ला, म्हातारे, बायका, आणि गादीवरून अनिपासुद्धा. तिच्या डोळ्यांत आशा होती, मला दिसली. तिला वाटत असावं, बाईवरून बाई जाईल एक वेळ, पण पुरुषावरून पाय टाकायची छाती कुणाची आहे? त्यालाही तेच वाटलं असणार. नाही म्हटलं तर आईसाठी आडवा न पडलेला मुलगा, आणि पडला तर ही घाबरून थांबेल. तो उठला, दाराशी गेला, सैराला बाजूला केलं आणि नव्या कोटासकट उंबऱ्यावर आडवा झाला. टोपी डोक्यावरून निसटून चपलाबुटांत घरंगळली.

जिपारने पाय उचलला. चौकटीला हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. अंगणात जावं तशी ती त्याच्या पोटावरून पलीकडे गेली.

पलीकडे जाऊन तिने बुटांवर घालायचे रबरी गालोश चढवले, खिसे चाचपले आणि म्हणाली, "अरेच्चा, हातमोजे राहिले." ती त्याच्यावरून आत आली, गालोशांसकट. भाकरीच्या ताटाशेजारचे हातमोजे उचलले. पुन्हा त्याच्यावरून बाहेर गेली. कुबात डोळे मिटून पडला होता, आता उठावं की पडून राहावं हे त्याला कळत नव्हतं. मागून मला जायचं होतं. मीही गेले. माझं वय झालंय, पाय पुरेसा वर उचलला जात नाही, माझा बूट त्याच्या कोटाला जरा लागला. जरा जास्तच लागला.

अनिपा तिसऱ्या दिवशी गेली. गावात म्हणतात, जिपारमुळे तिचा जीव कष्टाने गेला. गेला असेल, मला त्याचं दुःख नाही आणि ते मी लपवतही नाही. कुबातला मात्र बाजारात आता कुणी कुबात म्हणत नाही. 'उंबरा आला रे' म्हणतात. परवा तो मेंढ्या विकायला आला तर एक कसाई म्हणाला, "उंबरा, जरा सरक, बाईमाणसाला जायचंय." मी त्या कसायाकडून उगाचच दोन किलो मांस घेतलं.

त्या दिवशी परत येताना जिपार अर्ध्या वाटेत गाडी थांबवून पोटभर रडली, मग नाक पुसून पुन्हा चालवायला लागली. घरी आल्यावर दारात उभी राहून खाली बघत म्हणाली, "एजे, इथे उंबरा बसवून घेऊ. वारा येतो."

जुना अक्रोडाचा मी कधीच चुलीत घातला होता. सुताराकडून नवा करून घेतला, चांगला उंच, मुद्दाम. सुतार गेला आणि ती चहाची वाटी घेऊन सरळ त्याच्यावरच जाऊन बसली, पाय अंगणात सोडून.

"उंबऱ्यावर बसू नये ग, अपशकुन असतो," मी म्हटलं. काही गोष्टी तोंडातून आपोआप येतात.

ती जरा बाजूला सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"बस की, एजे," ती म्हणाली. "आडवं पडण्यापेक्षा बरं."